बिनपुंगळीची गोळी

नाथाजी हवालदाराला कुठलीही गोष्ट नुसती तोंडानं सांगताच यायची नाही. सांगायला बसला की त्याचे हात आजूबाजूला काहीतरी चाचपायला लागायचे. पासष्टच्या लढाईची हकीकत निघाली की ताटातली भाकरी म्हणजे मैदान, कांद्याच्या फोडी म्हणजे शत्रूचे रणगाडे आणि लसणाची चटणी म्हणजे आपली पलटण. वाटीतल्या आमटीचा तो कालवा करायचा आणि तो कालवा भाकरीवर असा काही सोडायचा की बायको लीलाबाई चुलीपुढून ओरडायची, "आवं, लढाई जिका न्हाईतर हरा, पर आदी जेवून घ्या!"

या खोडीला कारण होतं. पलटणीत तो उस्ताद होता. नव्या भरती झालेल्या पोरांना बंदूक शिकवायची हे त्याचं काम. पोरं कुठली कुठली, एकाची भाषा दुसऱ्याला कळायची नाही. मग नाथाजी बोलण्याच्या भानगडीतच पडायचा नाही. लाकडाची बंदूक, मातीची टेकडी, बाभळीच्या काट्याचा घोडा असं सगळं हातानं करून दाखवायचा. जे धरून दाखवता येत नाही ते शिपायाला सांगायचं नाही, हा त्याचा कायदा. पेन्शनीवर घरी आला तरी कायदा काही सुटला नाही.

गाव उंब्रजच्या जवळ, तारळी नदीच्या काठाला. रान उसाचं, घरचं गुऱ्हाळ. पेन्शनीनंतर त्याला कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉपची हत्यारं सांभाळायचं काम मिळालं होतं. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी यायचं आणि सुगीत रजा काढून गुऱ्हाळावर बसायचं. माणूस खुशीत होता. एकच गोष्ट मनात होती, लेक अंजनाचं लग्न. घाई होती अशातला भाग नाही. पण चांगलं माणूस मिळावं असं कुठल्या बापाला वाटत नाही?

कॉलेजात वाईकडचे एक तरुण मास्तर होते, मधुकर सर. जर्मन भाषा शिकण्याचं त्यांना भारी वेड. परदेशातली जाडजूड मासिकं वाचायचे आणि वाचलेलं कुणाला सांगितल्याशिवाय त्यांचं अन्न पचायचं नाही. बाकीचे मास्तर त्यांना बघून वाट बदलायचे. नाथाजी मात्र चहाचा पेला घेऊन समोर बसायचा. सत्त्याहत्तर सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सर आले ते डोळे चमकवतच.

"हवालदार, जर्मनीत एका कारखान्यात नवी बंदूक करतायत. तिच्या गोळीला पुंगळीच नाही!"

नाथाजीचा पेला तोंडाशीच थांबला. "पुंगळी न्हाई? मग दारू कशात भरायची, सर?"

"भरायचीच नाही. दारूच दाबून दाबून कडक वडी करायची, चौकोनी. त्या वडीतच गोळी बसवायची. घोडा दाबला की गोळी जाते पुढं आणि वडी सगळी जळून जाते. मागं काही म्हणजे काही राहत नाही."

आता ज्यानं फौज बघितली नाही त्याला यात एवढं काय, असं वाटेल. तर ऐका. काडतुसाची पितळी पुंगळी असते, तिच्यात दारू आणि तोंडाला गोळी. बार झाला की गोळी जाते आणि रिकामी पुंगळी टणकन बाहेर पडते. ही रिकामी पुंगळी सरकारला परत द्यावी लागते. जेवढ्या गोळ्या नेल्या तेवढ्या पुंगळ्या आणायच्या. एक जरी कमी पडली तरी सगळी पलटण गुडघ्यावर. गवतात शोधा, चिखलात शोधा, काट्यात शोधा. सापडेपर्यंत जेवण नाही की पाणी नाही. नाथाजीनं सबंध नोकरीत जितका वेळ गोळ्या झाडल्या असतील त्याच्यापेक्षा जास्त वेळ पुंगळ्या वेचल्या होत्या. शिवाय एकदा शेजारच्याची तापलेली पुंगळी उडून सरळ त्याच्या कॉलरीत शिरली होती. तो डाग मानेवर अजून होता.

"मागं कायच ऱ्हात न्हाई?" त्यानं पुन्हा विचारलं. आणि मग जो हसत सुटला तो हसतच सुटला. "आरं देवा! आमचं गुडघं झिजलं की वो, सर! आन ही आता निघाली व्हय?"

त्या दिवसापासून गावात ज्याला त्याला तो बिनपुंगळीची गोळी सांगत सुटला. पारावर सांगितली, गिरणीत सांगितली, न्हाव्याकडं अर्धी दाढी झालेली असताना सांगितली. लोक ऐकायचे, हसायचे आणि सोडून द्यायचे. हवालदाराचं हे रोजचंच होतं. त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते पाहुणे आले त्या दिवशी.

स्थळ शिराळ्याकडचं होतं, वारणेकाठचं. आणलं होतं गुंडानं. गुंडा नाथाजीचा चुलतभाऊ. दहा गावांतल्या सोयरिकी जुळवायचा आणि त्याचा त्याला कोण अभिमान. मुलगा कृष्णात, सांगलीला साखर कारखान्यात फिटर. बाप भाऊसो, तेही फौजेतून आलेले, गडी ताठ, पांढऱ्या झुपकेदार मिशा. आई मनुबाई, अंगानं ठसठशीत आणि तोंडानं मोकळी. भाऊसोंना सुपारीचा नाद भारी. मांडीजवळ चंची सोडून बसायचे आणि बोलता बोलता, न बघता, हात चंचीत जायचा. अडकित्ता लागायचा नाही. अख्खी सुपारी दाढेखाली धरून कडकन फोडायचे आणि समोरच्याकडं अशा नजरेनं बघायचे की आहे का तुझ्याकडं अशी दाढ!

त्यांच्या घराण्याची एक रीत होती. सोयरीक पक्की होईपर्यंत मुलाच्या बापानं मुलीच्या घरचं पाणी फक्त प्यायचं. गूळ खायचा नाही, सुपारी घ्यायची नाही. पसंती झाली की त्यानं चारचौघांत त्या घरचा गूळ तोंडात टाकायचा आणि त्या घरची सुपारी फोडायची. झालं, मग ब्रह्मदेव आला तरी मोडायचं नाही. गुंडानं ही रीत आधीच सांगून ठेवली होती, म्हणून लीलाबाईनं त्यांच्यापुढं नुसता तांब्या ठेवला.

सगळं कसं झक्क चाललं होतं. अंजना चहा घेऊन आली. कृष्णातच्या पुढं तबक धरलं तेव्हा तिचा हात कापत होता. त्यानं कप उचलला तर त्याचा हात तिच्यापेक्षा जास्त कापायला लागला आणि निम्मा चहा बशीत. "तुमी घाबरलाय काय?" तो हळूच म्हणाला, "मला वाटलं मी येकटाच." अंजनाला हसू आवरेना. ती तशीच पदर तोंडाला लावून आत पळाली आणि आत जाऊन आईला म्हणाली, "आये, ह्यो बरा हाय." लीलाबाईचा जीव भांड्यात पडला.

बाहेर भाऊसो गोष्टी सांगायला लागले. पलटणीत ते कोताचे हवालदार होते. कोत म्हणजे हत्यारांचं कोठार. बंदुका, गोळ्या, रिकाम्या पुंगळ्या सगळं त्यांच्या ताब्यात. "बावीस वर्सं नोकरी क्येली," भाऊसो मिशीवर हात फिरवत म्हणाले, "येक पुंगळी इकडची तिकडं हू दिली न्हाई."

इथं नाथाजीनं गप्प बसायचं की नाही? पण गप्प बसेल तो नाथाजी कसला! आपल्याच धंद्यातला माणूस भेटला म्हणून त्याला भरतंच आलं.

"पावणं, आता ती पुंगळीच जाणार की वो!" तो उत्साहानं पुढं सरकला. "जर्मनीत बिनपुंगळीची गोळी करायला लागल्यात! उडली की मागं कायच न्हाई. तुमच्या कोताला टाळंच लावायचं आता!"

भाऊसोंचा चंचीतला हात थांबला. "काय म्हणलासा?"

"बिनपुंगळीची गोळी."

"तुमी बगितली?"

"बगितली न्हाई. आमच्या सरांनी सांगितलं."

"मंजे ऐकीव," भाऊसोंचा आवाज चढला. "आवं, पुंगळी नसली तर गोळी उडाली का कुणी खिशात घालून न्हेली, ह्येचा हिशेब कोण द्येणार? कुठलं सरकार असली गोळी घील? मी काय कालचं पोर हाय? हवालदार मंजे येका शब्दाचा माणूस. आन तुमी सोयरीक करायच्या बैठकीला असल्या थापा मारतासा? मग पोरीचं तरी काय काय खरं सांगितलंय कुणास दक्कल!"

आणि चंची आवळून ते उठले. मनुबाई "आवं, बसा की" म्हणत राहिली. कृष्णात बिचारा उठता उठता स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिला. चांगल्या दुधात मिठाचा खडा पडला, आणि तो टाकला कुणी, तर खुद्द पोरीच्या बापानं.

त्या घरात मग जे काही झालं ते न सांगितलेलंच बरं. लीलाबाई नवऱ्याशी बोलेना. नुसती भांडी बोलायला लागली, ती अशी जोरात की कोंबड्या परसाकडं पळाल्या. अंजना भांडली नाही. ती बापाजवळ येऊन बसली, एकदा हसली, मग डोळे पुसले आणि म्हणाली, "आप्पा, तुमची जर्मन गोळी कुठं लागली बगा. माज्या लग्नालाच."

नाथाजीला कापून काढल्यासारखं झालं. पोरीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आठवड्यानं गुंडा परत आला. पोरगा घरात जेवत नाही आणि मनुबाई नवऱ्याला जेवू देत नाही, असं तिथलं एकूण चित्र होतं. भाऊसो पुन्हा यायला तयार झाले होते, पण एका अटीवर. हवालदारानं चारचौघांत ती गोळी पटवून द्यावी, नाहीतर थाप होती असं कबूल करावं.

"मग म्हणा की थाप हुती!" लीलाबाईनं आठवड्याचं मौन एकदम सोडलं. "जीभ झिजंल काय तुमची?"

"आन थाप कबूल क्येली तर थापाड्याच्या घरची पोरगी ते करतील व्हय?" नाथाजी म्हणाला. "आन लीला, खरं सांगू? खऱ्याला खोटं म्हनायला माजी जीभ वळत न्हाई गं. पोरांना बंदूक शिकवायची मंजे खोटं बोलून चालत न्हाई. येक शब्द चुकला तर कुणाचा तरी जीव जातो."

त्या दिवशी लीलाबाईची भांडी जरा हळू वाजली.

दुसऱ्या दिवशी नाथाजीनं मधुकर सरांना गाठलं. सर तुम्ही या, चार शब्द सांगा, म्हणून हात जोडले. सरांना वाईट वाटलं, पण परीक्षा तोंडावर, निघणं अशक्य. मग त्यांनी त्या गोळीचं पुढचं सगळं समजावून सांगितलं आणि ते ऐकून नाथाजीच्या तोंडचं पाणीच पळालं. कारण गोळी अजून नीट जमलेली नव्हती! जर्मन लोक अडले होते. का अडले, तेही सरांनी सांगितलं. एसटीत बसून नाथाजी घरापर्यंत तेच घोकत आला. म्हणजे आता पाहुण्यापुढं सांगायचं काय? गोळी आहे, पण नाही, असं?

घरी आला तर गुऱ्हाळावर रसाचं आधण उतरायला आलं होतं. काहिलीतला रस सोन्यासारखा पिवळा होऊन फुगत होता, चुलवाण धडाडत होतं. नाथाजी वासानंच शुद्धीवर आला. तोंडानं सांगायला गेलो म्हणून घोटाळा झाला, त्याच्या मनात आलं. धरून दाखवायला पाहिजे होती!

त्यानं पातळ फळ्यांचा बोटाएवढा चौकोनी साचा ठोकला. आतून तुपाचं बोट फिरवलं. आता गोळी कशाची करायची? शिसं कुठून आणायचं? अंजना शेजारी बसून बघत होती. ती उठली, देवापुढच्या तबकातली एक बारकी टोकदार सुपारी घेऊन आली. "ही बसती का बगा, आप्पा."

सुपारी साच्यात अशी फिट्ट बसली की बापलेक एकमेकांकडं बघून हसले. टोक तेवढं बाहेर ठेवून नाथाजीनं वरून गरम गूळ ओतला. सकाळी साचा उघडला तर आत तकतकीत, तांबूस, चौकोनी वडी आणि तोंडाला सुपारीचं टोक. जर्मनांनी बघितली असती तर पाठ थोपटली असती. लीलाबाईसुद्धा रुसवा विसरून म्हणाली, "दिसती तर झ्याक!"

पाहुणे आले. या खेपेला भाऊसो बाजल्यावर बसले ते खांबासारखे. लीलाबाईनं मागच्यासारखाच पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. "आदी गोळी," म्हणाले, "मग पाणी." गुंडाला घाम फुटला. कृष्णात जमिनीकडं बघत बसला. दाराआड अंजना उभी होती. तिचा सबंध संसार त्या बाजल्यावर आणि आप्पांच्या जिभेवर टांगलेला.

नाथाजीनं वडी ताटलीत घालून आणली आणि भाऊसोंच्या मांडीशेजारी ठेवली, चंचीला लागून. मग उस्ताद कामाला लागला. ही वडी म्हणजे दारू. हे टोक म्हणजे गोळी. पितळ कुठंच नाही. बार झाला की टोक पुढं जातं, वडी जळून जाते. भाऊसोंनी वाकून सगळीकडनं न्याहाळलं. हत्याराचं माणूस ते, नजर ताबडतोब गुंतली. पण तोंड गोड होईना.

"बरं, समजा आशी गोळी हाय," ते हळूच म्हणाले. "तर मग हवालदार, मी बावीस वर्सं काय क्येलं?"

भाऊसो ताटलीकडंच बघत बोलत होते.

"येकदा रानात गोळ्या झाडायची चांदमारी हुती. पाऊस आसा की समोरचा मानूस दिसंना. येक पुंगळी कमी. समदी कंपनी चिखलात. जवान मला मनातनं शिव्या द्येत हुते, मला काय कळत न्हवतं? मी म्हणलं, घावल्याबिगर कुणी हलायचं न्हाई. आन मलाच घावली. खेकड्याच्या बिळात ग्येली हुती. म्हाताऱ्या सुभेदारानं माजी पाठ थोपटली. जल्मात तेवढी येकदाच. आन आता तुमी म्हणतासा, पुंगळी नकोच हुती. तिच्याबिगर चालतं."

नाथाजीला एकदम सगळं समजलं. हा माणूस थापेवर चिडलाच नव्हता. याच्या सबंध आयुष्यावर आपण हसत हसत टाळं लावलं होतं, तेही याच्या तोंडावर. स्वतःची त्याला भारी शरम वाटली.

"आता कुठवर आलंय त्यांचं?" भाऊसोंनी विचारलं. "वाटायला लागली काय पलटणीत?"

होय म्हटलं असतं तर गोळी पटली असती. बाजी जिंकली असती. खांबाला टेकून उभ्या लीलाबाईनं डोळ्यांनी सांगितलंही, म्हणा व्हय! पण नाथाजीनं मान हलवली.

"न्हाई, पावणं. खरं सांगतो. त्यांस्नी अजून जमली न्हाई."

"झालं!" गुंडानं कपाळाला हात लावला. दाराआड बांगड्या वाजल्या.

"का न्हाई जमली?" भाऊसोंनी मात्र मान वर केली.

"पुंगळी न्हाई म्हणून!" नाथाजीला आता जोर आला. त्यानं कॉलर खाली ओढून मान पुढं केली. "ह्यो डाग बगा. तापलेली पुंगळी आत पडली हुती. तुमाला ठावं हाय, पुंगळी भाईर पडती ती कसली इंगळासारकी आसती! मंजे काय, तर बाराचा समदा ताप ती आपल्या अंगावर घिऊन भाईर पडती. बंदूक थंड ऱ्हाती. आता पुंगळीच न्हाई म्हटल्यावर ताप जानार कुठं? आतच ऱ्हातो. चार बार झालं की बंदूक आशी तापती की फुडची गोळी घोडा न दाबताच आपसूक पेट घेती! समदी हुशार माणसं तिथंच अडल्यात. पुंगळीचं काम कुणाला द्यावं, त्येच त्यांस्नी समजंना झालंय."

भाऊसो स्वतःच्या बोटांकडं बघायला लागले. वर्षानुवर्षं गरम पुंगळ्या वेचून बोटांची टोकं घट्ट झाली होती.

"म्हणून भाजायच्या व्हय गं!" ते मनुबाईकडं वळून म्हणाले. "आगं, मी म्हणायचो, ही येवडीशी पितळंची, न् येवडा ताप कुठला! ती बंदुकीचा ताप घिऊन यायची!"

"मी तर कवापासनं सांगतीया तुमची बोटं भाजल्याली हायत," मनुबाई म्हणाली.

"जर्मन अडलं! पुंगळीबिगर अडलं!" भाऊसो मांडीवर थाप मारून हसायला लागले. चेहऱ्यावरचा सगळा ताठा उतरला. पंचविशीतला जवान दिसायला लागला म्हातारा. "हवालदार, आवं, लय झ्याक सांगितलंसा! लय झ्याक!" आणि खुशीत आलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. न बघता हात मांडीजवळ गेला. चंचीत जायचा तो ताटलीत गेला. जे हाताला लागलं ते उचललं आणि तोंडात टाकलं.

कडकन आवाज झाला.

भाऊसोंनी दोनदा चावलं, तिसऱ्यांदा थांबले. चेहऱ्यावर आधी गोडवा पसरला, मग शंका, मग एकदम भीती. त्यांनी खाली बघितलं. ताटली रिकामी.

"आवं पावणं," नाथाजी कसाबसा म्हणाला, "ती माजी गोळी की वो!"

आणि मनुबाई जी हसली! हसता हसता पदरानं डोळे पुसत तिनं गुंडाला हलवलं. "आवं सोयरं, बगतासा काय? पोरीच्या घरचा गूळ खाल्ला, सुपारी फोडली, ती बी चारचौघांत. आमच्या घराण्याची रीत हाय. झाली की सोयरीक!"

"म्या कुठं खाल्लाय गूळ!" भाऊसो तोंड पुसून ओरडले. "सुपारी तर माज्या चंचीतली! दावा, कुठाय गोळी? हाय काय मागं काय?"

"कायच न्हाई," नाथाजी म्हणाला. "बिनपुंगळीचीच हुती."

तेवढ्यात आतून अंजना आली. डोक्यावर पदर, मान खाली, हातात भिंतीवरचा बारका आरसा. एक शब्द न बोलता तिनं तो सासऱ्यापुढं धरला. भाऊसोंनी आरशात बघितलं. पांढऱ्या मिशीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबूस गुळाचा चुरा पुसून पसरलेला होता.

भाऊसो आरशाकडं बघत राहिले, मग पोरीकडं, मग पुन्हा आरशाकडं. "घावली," ते म्हणाले. "पुंगळी घावली!" आणि असे गडगडून हसले की बाजलं करकरलं. कृष्णातनं जमिनीवरची नजर उचलली आणि गुंडा उठून, जणू हे सगळं आपणच घडवून आणलंय अशा थाटात, गूळ वाटायला लागला.

लग्न वैशाखात झालं. नाथाजीनं वऱ्हाडाला तशाच वड्या केल्या, पोटात सुपारी घातलेल्या. म्हाताऱ्या माणसांनी दात नाहीत म्हणून शिव्या दिल्या, पण खिशात घालून नेल्या. मधुकर सर आले होते. भाऊसो त्यांना सोडीनात. "सर, जमली का त्यांस्नी?" म्हणून विचारायचे आणि सर "अजून नाही" म्हणाले की शेजारच्याला ढोसून पुन्हा विचारायला लावायचे.

पाठवणीची वेळ झाली. अंजना गळ्यात पडली तशी नाथाजीच्या हाताला धरायला काही सापडेना. हात नुसते हवेत चाचपत राहिले. सांगायचं तर खूप होतं. पोरगी सकाळी लवकर उठत नाही, तिला पावट्याची आमटी आवडत नाही, ती रागावत नाही, नुसती हसते आणि मग डोळे पुसते. पण हे कशानं करून दाखवायचं? लसणाची चटणी घेऊन का भाकरी घेऊन? त्यानं भाऊसोंकडं बघितलं.

भाऊसो पुढं आले. त्यांनी नाथाजीचे ते रिकामे हात आपल्या भाजलेल्या बोटांत धरले.

"हवालदार," ते म्हणाले, "बावीस वर्सांत म्या सरकारची येक पुंगळी हरवू दिली न्हाई. ही तर तुमची ल्येक हाय. बिनघोर ऱ्हावा."

नाथाजीनं मान हलवली. मग दोघंही म्हातारे भर मांडवात रडायला लागले आणि लीलाबाईला दोघांनाही पाणी द्यावं लागलं.